मेलबर्नमधली सावड

खालापूर फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा निम्म्याहून अधिक वाट मागे पडली होती. माघी गणेश जयंतीला आमच्या भागातली माणसं चालत महडच्या गणपतीला जातात. लोधिवलीहून आम्ही दोघी पहाटे निघालो होतो, मी आणि शेजारच्या सोनावहिनींची मुलगी हर्षला. चौकपर्यंत अंधारच होता. पुढे उजाडलं, डाव्या हाताला इरसालचा गड दिसायला लागला आणि रस्त्यावर चालणाऱ्यांची रांग किती लांब आहे ते कळलं. मी अनवाणी होते. हर्षलाच्या पायात जाड तळव्याचे बूट होते, आणि त्यावरून मागच्या बायकांनी तिची थट्टा चालवली होती.

"देवाला चाललीस का शर्यतीला?" एकीने विचारलं.

"देवालाच. पण तुमच्या आधी पोचायचं हाय," हर्षला म्हणाली.

बायका हसल्या. तिला कुणी बोललं तर ती रागावत नाही आणि गप्पही बसत नाही, लहानपणापासून अशीच.

टपरीच्या बाकावर बसून आम्ही चहा घेतला. तिने कप दोन्ही हातांत धरला होता. ती म्हणाली, "काकी, एक सांगायचं हाय. आईला अजून माहीत नाय."

"काय गं?"

"मेलबर्नला मला पहिल्याच महिन्यात काढणार होते. माझ्यावर चौकशी लागली होती."

"कसली चौकशी?"

"कॉपीची."

मी कप खाली ठेवला. हर्षला आणि कॉपी, हे माझ्या डोक्यात एकत्र बसेना. "तू कॉपी केलीस?"

"केली नाय. करून दिली." ती उठली. "चला, चालता चालता सांगते. बसलं की पाय धरतात."

हर्षलाचे वडील नामाभावजी टेंपो चालवतात. सोनावहिनी शेती बघतात. लोधिवलीच्या मराठी शाळेत हर्षला शिकली, मग चौकला हायस्कूल, मग कर्जतला इंजिनीयरिंग. पनवेलच्या एका ऑफिसात गटारं आणि पाइपलाइनीचे आराखडे करायची नोकरी लागली. तिथले साहेब म्हणाले, तुला पाण्याची नजर आहे. ती नजर कुठून आली ते आम्हाला ठाऊक होतं. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत सोनावहिनी तिला बांधावर उभी करायच्या, कुठल्या खाचरातून कुठल्या खाचरात पाणी उतरतंय ते बघायला. पोरीला खेळायला तेच मिळालं. चिखलात ती घरं बांधत नसे, पाट काढत बसायची. शहरांतल्या पावसाच्या पाण्याचं काय करायचं, हे शिकायला ती गेल्या वर्षी ऑस्ट्रेलियाला गेली. आमच्या गावातून शिकायला परदेशी गेलेली ती पहिलीच मुलगी. आता सुट्टीला आली होती आणि पंधरवड्यात परत जाणार होती.

फाटा सोडल्यावर रस्ता जरा मोकळा झाला. दोन्ही बाजूंच्या शेतांत वाल फुलावर होता. हर्षला पहिल्यापासून सांगायला लागली. मीच म्हटलं होतं, मधूनच नको सांगूस, मला नीट कळू दे.

उतरली त्या दिवशी तिकडे कडक ऊन होतं. भाड्याच्या घरात आणखी तिघी मुली होत्या, प्रत्येकीला एक खोली आणि स्वयंपाकघर सगळ्यांना मिळून. तिने सामान ठेवलं, देवाचा फोटो काढला आणि पूर्वेला ठेवायचा म्हणून खिडकीतून सूर्य बघितला. सकाळ टळून गेली होती, म्हणजे सूर्य दक्षिणेकडे कललेला असणार, त्या हिशेबाने तिने दिशा धरली आणि फोटो मांडला. दुसऱ्या दिवशी त्याच हिशेबाने कॉलेजला निघाली आणि भलतीकडेच पोचली. त्या मुलखात सूर्य उत्तरेकडून जातो.

"म्हणजे फोटो पश्चिमेला?" मी विचारलं.

"पश्चिमेला. एक रात्र बाप्पा उलटे बसले. मी माफी मागितली आणि फिरवले."

"मोबाइलवर बघायचंस ना दिशा."

"मोबाइल कशाला बघू? सूर्य चुकेल असं कुणाला वाटतं?"

स्वयंपाकघरात एकच फ्रिज आणि त्यात दुधाच्या तीन बाटल्या, तिन्ही बाटल्यांवर वेगळं नाव. ते बघून तिला हसायला आलं. सकाळी तिने चौघींपुरता चहा केला, आलं घालून. एकीने घेतला. एकीने कप हातात घेऊन वास बघितला आणि परत दिला. तिसरी फार गोड बोलली, पण चहा तिने घेतला नाही. हर्षला म्हणाली, मला वाईट वाटलं नाय, पण तिघींचा चहा मलाच प्यावा लागला आणि लेक्चरभर जीव कासावीस झाला.

बसमधून उतरताना तिकडे प्रत्येक माणूस ड्रायव्हरला थँक्यू म्हणतो. हे तिला इतकं आवडलं की फोनवर तिने वडिलांना सांगितलं. नामाभावजींनी मनावर घेतलं. दोन दिवस ते टेंपोतून माल उतरवून घेणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी घरी येऊन म्हणाले, "आपल्याकडं नाय कोण म्हणत. एक जण म्हणाला, लवकर काढ गाडी."

वर्गातलं इंग्रजी पहिल्या दिवशी तिच्या डोक्यावरून गेलं. मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचं इंग्रजी वाचण्याचं असतं, ऐकण्याचं नसतं, आणि तिकडचे लोक अर्धे शब्द नाकात ठेवतात. तिने हात वर केला आणि सरांना पुन्हा सांगायला लावलं. तरी कळलं नाही, म्हणून पुन्हा.

"लाज नाय वाटली?"

"वाटली. पण मागं बसलेल्या दोघांनी नंतर येऊन सांगितलं, बरं झालं तू विचारलंस, आमाला पण कळलं नव्हतं."

ते दोघं म्हणजे लिन आणि ओमर. लिन व्हिएतनामची, शांत, हळू बोलणारी. ओमर जॉर्डनचा. त्याच्या देशात पाऊसच कमी, त्यामुळे पावसाच्या पाण्याची गणितं त्याला नवीन. तिघांची तेव्हापासून सोबत जमली.

मग आलं ते काम, ज्यातून सगळं झालं. सरांनी प्रत्येकाला शहराची एकेक वस्ती वाटून दिली. त्या वस्तीतला पाऊस, उतार, रस्ते, गटारं, सगळी माहिती दिली. पाणी कुठे तुंबेल ते शोधायचं, उपाय सुचवायचा, आणि हाच उपाय का, ते लिहून द्यायचं. ज्याची वस्ती त्याचं काम. आपापसात बोलायला हरकत नाही, पण काम आपलं आपण करायचं, असं स्पष्ट लिहिलं होतं.

"मी ते वाचलं होतं, काकी. वाचलं नाय असं मी म्हणत नाय. पण मी वाचून काय समजले माहितीये का? की शेत ज्याचं त्याचं. आणि शेत ज्याचं त्याचंच असतं की आपल्याकडं पण."

आता ज्यांना आमच्याकडची सावड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आवणी एकट्यादुकट्याने उरकत नाही. मग आळीतल्या घरांनी मिळून ठरवायचं. आज सगळ्यांनी तुझ्या शेतात, उद्या सगळ्यांनी माझ्या. मजुरी नाही, देणंघेणं नाही. तू माझ्याकडे आलीस की मी तुझ्याकडे येणार. शेतं वेगळीच राहतात, भातही ज्याचं त्याच्याच घरी जातं, फक्त हात एकत्र होतात. ज्याचं रोप आधी तयार त्याचं शेत आधी, कारण रोप जून झालं तर वाया जातं. हर्षला चालायला लागल्यापासून हे बघत आली. काम म्हटलं की ते असंच करतात, दुसरी कुठली रीत असते असं तिच्या मनातही आलं नाही.

ओमर सगळ्यात मागे होता, म्हणून तिने आधी त्याची वस्ती घेतली. लायब्ररीत तिघं एका टेबलाशी बसले. दुसऱ्या दिवशी लिनची, मग आपली. पनवेलच्या नोकरीमुळे हर्षलाचा हात चालता होता. ती भराभर गणितं मांडायची, लिहायची, आणि बाकीचे दोघं बघत बसायचे.

"म्हणजे तूच केलंस सगळं," मी म्हटलं.

"तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. तिघं मिळून करतोय असंच वाटत होतं."

लिनच्या वस्तीत एक बाग होती. लिन म्हणाली, पावसाचं पाणी त्या बागेत थांबवू, हळूहळू जमिनीत मुरेल. हर्षला म्हणाली, त्यापेक्षा मोठा पाइप टाकून थेट ओढ्यात सोडू, काम सोपं होईल. लिनने बागेबद्दल दोन परिच्छेद लिहून ठेवले होते. हर्षलाने ते पुसले आणि पाइपचं लिहिलं. लिन काही बोलली नाही.

समोरून एक ट्रक आला, आम्ही कडेला झालो. तो गेल्यावर ती म्हणाली, "ती बोलली नाय म्हंजे तिला पटलं, असं मी धरून चालले."

काम दिलं आणि पुढच्याच आठवड्यात कॉलेजातून मेल आला. तिघांची कामं कॉम्प्युटरने ताडून बघितली होती. तिन्हीत तक्त्यांची तीच मांडणी, तीच वाक्यं, तोच मोठा पाइप. चौकशीसाठी यावं, येताना सोबत कुणाला आणायचं तर आणावं, असं लिहिलं होतं. घरातल्या एका मुलीने तिला सांगितलं की मागच्या वर्षी अशाच चौकशीनंतर एका मुलाला परत जावं लागलं. कॉलेजातलं नाव गेलं की व्हिसा जातो.

"तवा मला आपलं घर दिसायला लागलं," हर्षला म्हणाली. "मी बॅग घेऊन दारात उभी हाय, आणि आई विचारतेय, सुट्टी लागली का गं?"

रविवारी तिने नेहमीप्रमाणे घरी फोन केला. तो रविवार मला आठवतो, कारण सोनावहिनी फोन हातात धरून आमच्या ओट्यावर आल्या होत्या आणि पोरीचं तोंड सगळ्या आळीला दाखवत होत्या. "बघा, जाडी झाली का नाय? अभ्यास बरा चाललाय ना गं?" आणि हर्षला हसून म्हणाली होती, "बरा चाललाय आई, एकदम बरा."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला. मी तांदूळ निवडत होते. आमच्या आळीत सावडीच्या पाळ्या मी लावते, कुणाचं शेत कधी आणि कोण कुठे, म्हणून तिने मलाच विचारलं असावं. इकडचं तिकडचं काही नाही, एकदम म्हणाली, "काकी, सावडीला गेलेल्या बाईने दुसऱ्याच्या शेतात आपल्या मनाचं केलं तर काय होतं?"

मला हसू आलं. फाल्गुनात हिला आवणी कशी आठवली. म्हटलं, घरची आठवण येत असेल पोरीला. मी तिला आमच्या आळीतल्या चिंधीचं सांगितलं. मागे येसाजीच्या शेतात आवणी होती. खाचरात पाणी जास्त आहे असं चिंधीला वाटलं, म्हणून तिने कुणाला न विचारता बांध फोडला आणि पाणी सोडून दिलं. चिंधीचं चूक होतं असंही नाही, पाणी जरा जास्तच होतं. पण येसाजीने ते मुद्दाम अडवून धरलं होतं, वरून येणारं पाणी आटत चाललं होतं म्हणून.

"मग येसाजीकाका ओरडले?" हर्षलाने फोनवर विचारलं होतं.

"ओरडतोय कशाला? बांध परत घातला. मी चिंधीला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, बये, तुझे हात मागितलेत, तुझं डोकं नाय. डोकं वापरायचं तर आधी तोंड उघडायचं आणि त्याला विचारायचं. शेत त्याचं हाय, भाताला तोच जबाबदार."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी पुन्हा तांदूळ निवडायला लागले. त्या फोनवर पोरीचं सगळं अवलंबून होतं, हे मला आता, खालापूरच्या पुढे चालताना कळलं.

"अगं, सांगायचं तरी होतंस मला," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तुमी मला धीर देत बसला असता. मला धीर नको होता, मला खरं काय ते पायजे होतं."

त्या फोनपर्यंत हर्षलाच्या मनात एकच होतं की आपण काही गैर केलेलं नाही, आपली रीत त्यांना समजावून सांगू, मग सुटू. फोन ठेवल्यावर लिनने लिहिलेले ते बागेचे दोन परिच्छेद तिला आठवत होते. तिकडचे नियम बाजूला ठेवले आणि आपल्याच सावडीचा नियम लावला, तरी आपण चुकलो होतो. दुसऱ्याच्या शेतातला बांध आपण न विचारता फोडला होता.

चौकशीला ती एकटीच गेली. समोर पांढऱ्या केसांच्या एक बाई आणि एक तरुण माणूस होता. बाईंनी पाणी दिलं, बस म्हणाल्या. मग विचारलं, हे तिघांचं काम एकसारखं कसं?

"मी म्हटलं, कारण तिन्ही मी केली."

"असं सरळ?"

"सरळच. वाकडं सांगायला माझं इंग्रजी पुरत नाय, काकी."

मी रस्त्यातच थांबून हसले. तीही हसली.

मग तिने उठून भिंतीवरच्या फळ्यावर तीन खाचरं काढली. आपल्याकडे आवणी कशी होते, हात कसे एकत्र येतात, शेतं कशी वेगळी राहतात, ते सांगितलं. तरुण माणूस लिहून घेत होता. बाईंनी मधेच विचारलं, मदतीला आलेल्या माणसाचं मत वेगळं असलं तर तुमच्याकडे काय करतात?

"मी म्हटलं, शेत ज्याचं त्याला विचारतात. आणि मी लिनला विचारलं नाय. तिने लिहिलेलं पुसून मी माझं लिहिलं. आमच्या गावात पण याला चूकच म्हणतात. ओमरने आणि लिनने मला करायला सांगितलं नव्हतं, त्यांना शिक्षा नको. मला काय द्यायची ती द्या."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुझी पद्धत चांगली आहे, पण इथे प्रत्येकाला स्वतः करता येतं का, हेच आम्हाला बघायचं असतं. तू दुसऱ्याचं केलंस तर त्याला येतं का नाही, हे मला कसं कळणार? बोल, समजावून सांग, वाद घाल. पण दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही."

निकाल यायला आठवडा लागला. तो आठवडा तिने कसा काढला ते ती फार बोलली नाही. रोज सकाळी अथर्वशीर्ष म्हणायची आणि लेक्चरला जायची, एवढंच म्हणाली. काढून टाकलं तर निदान तोवरचं शिकून जाऊ, असं तिने ठरवलं होतं. एकही तास बुडवला नाही.

निकाल आला. तिघांनी नवीन वस्ती घेऊन काम पुन्हा, एकट्याने करायचं. हर्षलाला लेखी ताकीद, आणि तिचं काम कितीही चांगलं झालं तरी पास होण्यापुरतेच गुण. लिन आणि ओमरला ताकीद नाही.

"सुटलीस," मी म्हटलं. हात आपोआप जोडले गेले.

"कॉलेजातून सुटले. लिनकडून नाय."

ओमर दुसऱ्याच दिवशी खजूर घेऊन आला आणि हसत म्हणाला, आता मला गणित शिकव, पण दुरून. लिन मात्र वर्गात दुसऱ्या टोकाला बसायला लागली. हर्षलाने एकदा तिला गाठून माफी मागितली. लिन म्हणाली, माझ्या घरच्यांनी मला इतक्या लांब पाठवलं आणि माझं नाव चौकशीत आलं. तू चांगल्या मनाने केलंस हे मला माहीत आहे. पण मी तुला मागितलं नव्हतं.

हर्षला म्हणाली, "मी बरं म्हटलं आणि गेले."

पुढचे पंधरा-वीस दिवस तिला चौकशीपेक्षा जड गेले, असं ती म्हणते. लायब्ररीत लिन समोरच्या टेबलावर बसलेली. कागदावर गणित मांडते, खोडते, परत मांडते. कुठे अडली ते हर्षलाला लांबूनही दिसायचं. उठून जावं आणि दोन मिनिटांत सोडवून द्यावं, असं आतून यायचं. ती गेली नाही. आपल्या टेबलावर आपलं काम करत बसली.

"आपल्याकडं कुणी अडलेलं दिसलं आणि आपण बसून राहिलो, तर लोक काय म्हणतील?"

"माजली म्हणतील," मी म्हटलं.

"तसंच वाटायचं मला. माजल्यासारखं."

एक दिवस लिन स्वतः उठून आली. समोर बसली आणि म्हणाली, माझ्या नव्या वस्तीत पण एक मैदान आहे, पाणी तिथे अडवायचं म्हणते. तुला काय वाटतं? फक्त सांग.

हर्षलाने आपले दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली. दोघी तासभर बोलल्या. हर्षलाने शंका काढल्या, लिनने खोडल्या. मैदान किती वेळात भरेल, मुलं खेळतात तेव्हा काय करायचं, जमीन पाणी पिते की नाही. शेवटी हर्षलाला लिनचं म्हणणं पटलं. लिनच्या त्या कामाला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले, आणि सरांनी ते सगळ्यांना दाखवलं.

"तुझं काय झालं?"

"माझं पास. तेवढेच मिळणार होते." तिने खांद्यावरची ओढणी झटकली. "पण पुढच्या सहामाहीला मी दुसरी आले. लिन पहिली. आता आमी दोघी एकाच घरात राहतो. फ्रिजमधी दूध मात्र अजून वेगवेगळंच हाय. मी पण नाव घालते माझ्या बाटलीवर."

महडचा फाटा आला. देवळाकडे वळणाऱ्या माणसांची इतकी दाटी होती की आम्हाला बोलणं थांबवावं लागलं. दर्शनाच्या रांगेत बराच वेळ गेला. ऊन वर आलं होतं. हर्षलाच्या हातात दुर्वांची जुडी होती आणि पुढच्या आजीबाईंची पिशवीही तिनेच घेतली होती, पण आधी विचारून घेतली, ते माझ्या लक्षात आलं. गाभाऱ्यासमोर ती डोळे मिटून उभी राहिली. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

बाहेर तळ्याच्या काठाला सावली बघून आम्ही बसलो. मी डबा उघडला. भाकरी आणि वालाची उसळ होती. तिने एक घास खाल्ला आणि ठेवून दिला.

"सोमवारी शाळेत माझा सत्कार हाय," ती म्हणाली.

ते मला ठाऊक होतं. नाक्यावर तिचा मोठा फोटो लागला होता. सोनावहिनींनी आळीत घरोघर जाऊन सांगितलं होतं. त्या सगळ्यांना एकच वाक्य सांगत होत्या, माझ्या पोरीकडं परदेशात कुणी बोट दाखवलं नाय.

"मला पोरांपुढं चार शब्द बोलायला सांगितलंय," हर्षला म्हणाली. "आता सुरभी जायचं म्हणतेय, दुसऱ्या आळीतली. बाकीची पण जातील पुढं. त्यांना मी काय सांगू? तिकडं उंच इमारती हायत, हे? ते त्यांना मोबाइलवर दिसतंय. मी त्यांना हेच सांगणार. चौकशीचं, लिनचं, सगळं. नायतर ती पण आपल्यासारखीच करतील तिकडं जाऊन, आणि चौकशीला त्यांच्यासमोर कोण बसलेलं असेल, काय सांगता येत नाय."

"सांग की मग."

"पण आईला ते सगळ्या गावासंगट कळायला नको. तिला आधी कळायला पायजे, माझ्याकडनं. वर्षभर मी तिला बरं चाललंय, बरं चाललंय म्हणत आले."

मी तिचा हात धरला. सोनावहिनींना मी चाळीस वर्षं ओळखते. त्या आधी चिडतील, मग रडतील, मग नाक्यावरच्या फोटोचं म्हणतील. मी म्हटलं, "तू काळजी करू नको. मी बोलते वहिनींशी. आधी मी जाते, जरा समजावून ठेवते, मग तू..."

"नाय," हर्षला म्हणाली. जोरात नाही, पण माझं वाक्य तिथेच थांबलं.

तळ्याच्या पायऱ्यांवर माणसं पाय धूत होती. ती माझ्याकडे वळली.

"आज संध्याकाळी चहाला तुमी आमच्याकडं या. आई असेल, बाबा पण असतील. मी त्यांना सगळं सांगणार. मला मधी शब्द सापडणार नाय, मी अडेन. आई तुमच्याकडं बघेल, तुमी काय म्हणता म्हणून. तवा तुमी माझ्या बाजूने एक शब्द पण बोलायचा नाय, काकी. फक्त बसायचं, माझं सांगून होईस्तोवर. एवढं कराल का माझ्यासाठी?"